पळीचं दुःख

श्रावणातला सोमवार होता आणि माणिकप्पांच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. चातुर्मासात लग्नं नसतात, कार्यालय ओस पडलेलं असतं, म्हणून माणिकप्पांनी ते स्वामींना सेवेसाठी मोकळं करून दिलं होतं. एरवी जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात तिथं वाघाच्या कातड्याची छपाई असलेली चादर अंथरली होती, आणि तिच्यावर गारप्पा बसले होते.

हे नाव लोकांनी दिलेलं. खरं नाव विचारलं की ते म्हणत, "नाव देहाला असतं, आणि देह म्हणजे रिकामं पोतं." गाव विचारलं की वर बोट दाखवत. वर पंखा फिरत होता.

"पाणी तुमचं, तांब्या तुमचा, हात तुमचा," गारप्पा माईकवर म्हणाले. "मी कोण? मी फक्त भस्म टाकणारा."

"शिव शिव!" बाया पुटपुटल्या.

रेणापूरकडून आलेली एक बाई पुढं येऊन बसली. नवरा गेल्यापासून तिला झोप नव्हती. कार्यालयाच्या नळाचं पाणी सगळ्यांदेखत तिच्या तांब्यात भरलं. दोघी-तिघींनी बोट घालून पाहिलं, साधंच पाणी होतं. तिनं हात आत घातला. गारप्पांनी मूठभर भस्म टाकलं, हात आणि तांब्या दोन्हींवर भगवं कापड पसरलं, डोळे मिटले आणि "ढवळ माय, काळोख ढवळ" असं म्हणून मंत्र सुरू केला. थोड्या वेळानं ती बाई दचकली.

"अगं बाई! गार पडलं की!"

कापड निघालं. तांब्याला बाहेरून घाम फुटला होता. तांब्या हातोहात फिरला आणि जो तो म्हणू लागला, "फ्रीजातल्यावानी गार हाय."

"दुःख थंड असतं," गारप्पा म्हणाले. "तुमच्यातून निघालं, पाण्यात उतरलं. डॉक्टर काय करतो? गोळी देतो. गोळी मेंदूला झोपवते, मी आत्म्याला उठवतो. डिप्रेशन म्हणे! इंग्रजी रोग, इंग्रजी गोळी! तुमच्या आजीला होतं का डिप्रेशन?"

"नव्हतं!" सगळं कार्यालय म्हणालं.

माझ्या आजीला होतं. वर्षभर ती गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून पडून होती. लोक म्हणायचे, बाहेरचं लागलंय, आणि कडुलिंबाच्या डहाळीनं तिला झोडपायचे. दुखणं तेव्हाही होतंच, त्याला नाव तेवढं नव्हतं. पण हे तिथं ऐकतंय कोण? माझ्या शेजारी माझी भावजय रत्नम्मा हात जोडून बसली होती, तिच्या पलीकडं तिची सून सुकन्या. पुढचा तांब्या सुकन्याचाच होता.

माझा भाऊ गेल्यापासून मी आणि रत्नम्मा एका घरात राहतो. शेत तिचा मुलगा मल्लिनाथ बघतो. सुकन्या ही मल्लिनाथची बायको, उदगीरकडची. लई बोलकी पोर. शेजारणींच्या नकला करून आम्हा दोघींना पोट धरायला लावायची. उन्हाळ्यात ती लातूरला बाळंत झाली. बाळ आडवं होतं, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आत नेताना नर्सनं अंगावरचं सगळं काढायला लावलं. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, आणि गळ्यातलं लिंगही.

आम्हा लिंगायतांत इष्टलिंग जन्मापासून मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. चांदीच्या डबीत ते गळ्यात असतं. पूजेपुरतं तळहातावर घ्यायचं, पुन्हा गळ्यात. रत्नम्माचा जीव वरखाली झाला, पण इलाज नव्हता. तिनं आपल्या हातानं सुनेच्या गळ्यातली डबी काढली, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि गाठ मुठीत धरून बाहेर बाकावर बसून राहिली. शिवांश जन्मला. सून शुद्धीवर आल्याबरोबर रत्नम्मानं डबी तिच्या गळ्यात घातली.

पण घरी आलेली सुकन्या वेगळीच होती. बाळ रडायचं, ती बघत राहायची. पाजायला दिलं की पाजायची, पण त्याच्या तोंडाकडं बघायची नाही. रात्री बाळ झोपलं तरी ही जागी. जेवलीस का विचारलं की म्हणायची, "आठवत न्हाई." मल्लिनाथनं तिला लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या मनाच्या आजारांच्या डॉक्टर मंजुषा मॅडम सुकन्याशी पुष्कळ वेळ बोलल्या. आम्हाला म्हणाल्या, "हे बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे. बऱ्याच बायांना होतं. आळस नाही, नाटक नाही, बाहेरचं तर नाहीच. गोळीला गुण यायला काही आठवडे लागतील. मधेच बंद करू नका."

गुण येऊही लागला होता. एका सकाळी सुकन्यानं आपली आपण वेणी घातली. रत्नम्मानं ते मला स्वयंपाकघरात येऊन कानात सांगितलं, सोनं सापडल्यासारखं.

मग कुठल्याशा हळदीकुंकवात एकीनं विचारलं, "लिंग काढलं होतं म्हणे दवाखान्यात? मंग बाहेरचं शिरायला वेळ किती लागतो, काकू?"

त्या दिवसापासून रत्नम्माचं जेवण गेलं. तिनं मनाशी हिशोब मांडला. लिंग गळ्यात होतं तोवर पोर हसत होती, लिंग काढलं आणि हसू गेलं. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या की पहिलीनंच दुसरी घडवली असं माणूस धरून बसतं. त्याच दिवशी पोट चिरलं होतं, रक्त गेलं होतं, बाळंतपणानं सगळ्या देहाची उलथापालथ झाली होती. ते तिच्या हिशोबात आलंच नाही. डबी तेवढी आली, कारण डबी तिनं स्वतःच्या हातानं काढली होती.

गारप्पांना हे कळायचा अवकाश. ते म्हणाले, "दार उघडं टाकून तुम्ही बाकावर बसलात, माय. काळोख आत गेला. आता सोमवारच्या सोमवार आणा. आणि गोळी बंद. गोळी पोटात असली की भस्माचा गुण जातो."

गोळी बंद झाली.

तर त्या सोमवारी सुकन्यानं तांब्यात हात घातला. गारप्पांनी चांगली मोठी मूठ टाकली. तांब्या असा गार झाला की बघणाऱ्या बाईनं हात झटकला.

"केवढा काळोख!" गारप्पा कळवळले. "अशी केस मी बारा गावांत बघितली न्हाई."

रत्नम्माच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर मानही थोडी ताठ झाली. कारण तिथं सासवांची आपसांत चढाओढ लागली होती. "आमच्या सुनेचा तांब्या तर धरवत न्हवता." "आमचीचा बघायचा होतात मागच्या बारीला, बोटं बधिर झाली!" ज्याचा तांब्या जास्त गार त्याचं दुःख जास्त थोर. मूठ लहान-मोठी होते इकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"कसं वाटतंय, लेकरा?" गारप्पांनी माईक सुकन्याच्या तोंडाशी धरला.

एवढी माणसं तोंडाकडं बघत असल्यावर ती काय बोलणार? "बरं वाटतंय," ती म्हणाली. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर ती भिंतीला टेकून बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

त्याच आठवड्यात मल्लिनाथची सोयाबीनवर खताची फवारणी होती. मी आणि रत्नम्मा भाकरी घेऊन शेतात गेलो. मल्लिनाथ बादलीत पांढरं खत कालवत होता. आमच्याकडं फवारणीआधी ते बादलीत विरघळवून घेतात, मग ड्रममध्ये ओततात. रत्नम्मानं बादली उचलायला हात लावला आणि पटकन मागं घेतला.

"बर्फ टाकलास का रे ह्यात?"

"बर्फ कुठला, अव्वा? तेरा-झिरो-पंचेचाळीस हाय. कालवलं की गार पडतंच की. दरसाली पडतंय."

मी रत्नम्माकडं बघितलं. तिनं मान दुसरीकडं वळवली.

"रत्नम्मा, हे बघितलंस का?"

"बघितलं, अक्का. खताचं गार येगळं आन् तिथलं गार येगळं."

"येगळं कसं?"

"तिथं मंत्र हाय. हिथं काय हाय? पोरगं हाय." आणि ती भाकरी सोडायला बसली.

आमच्या गावची नेमकी चूक ही होती. ते गार पाणी कुणाला ठाऊक नव्हतं? कार्यालयात बसलेल्या निम्म्या लोकांनी त्याच महिन्यात त्याच खताची बादली कालवली होती. पण शेतातलं डोकं आम्ही शेतात ठेवतो आणि चप्पल काढून आत जातो ते दुसरं डोकं घेऊन.

पुढचा सोमवार उजाडला. मी चुलीपाशी होते. सुकन्या येऊन उंबऱ्यावर बसली. कधी नव्हे ती आपणहून बोलली.

"आत्या, त्या रेणापूरच्या बाईचा तांब्या आता कमी गार होतो म्हणे. माझा तसाच होतो."

"मंग?"

"एवढं निघतं तरी माझ्यातलं सरत न्हाई. म्हणजे खोट माझ्यातच हाय. देवानंबी हात टेकले." तिचा आवाज अगदी सपाट होता, वाणसामान सांगावं तसा. "मी नसले तर शिवांशला बरं पडंल. अव्वा करतील त्याचं. तुमी हाव. मी असून त्याला काळोखच लावून राहिले."

माझी तव्यावरची भाकरी करपली. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तिचा हात धरला आणि सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात येतं का, बाई?"

तिनं माझा हात घट्ट धरला.

मी मल्लिनाथला हाक मारली. त्यानं मंजुषा मॅडमना फोन लावला. फोनमधला आवाज मलाही ऐकू आला, "आजच घेऊन या. तोवर एक क्षणही एकटं सोडू नका. रागावू नका, उपदेश करू नका. नुसतं सोबत राहा."

मल्लिनाथ जीप आणायला वळला तोच रत्नम्मा दारात आडवी आली.

"आज सोमवार हाय. आज तांब्या चुकला तर सगळं उलटंल. स्वामींनी बजावलंय."

"अव्वा, ती काय बोलली ऐकलंस का?"

"ऐकलं! म्हणून तर! काळोख बोलून राहिला तो, माझी सून न्हाई!" रत्नम्मानं दोन्ही हात पुढं केले. "मी काढलं तिच्या गळ्यातलं. ह्या हातानं. पाप माझं हाय, मलाच निस्तरू दे."

तिला ओरडून काही होणार नव्हतं. ती दुष्ट नव्हती, घाबरली होती. मी म्हणाले, "जाऊ. जीप कार्यालयाच्या दाराशी लावू. पण एकच कर. स्वामी डोळे मिटतात, कापड टाकतात. त्या वेळी कापडाखाली सुकन्याचा हात नको, दुसरं काहीतरी घाल. ज्याला दुःख न्हाई असं. पाणी गार न्हाई झालं, तर मी जल्मात गोळीचं नाव काढणार न्हाई."

"आन् झालं तर?"

"तर तूच सांग मला."

रत्नम्मानं विचार केला. तिला खात्री होती, म्हणूनच ती तयार झाली. तिनं आमटीची पळी घेतली आणि पदराखाली खोचली.

कार्यालय भरलेलं होतं. सुकन्या आम्हा दोघींच्या मधे बसली. पाणी भरलं, लोकांनी बोटं घालून बघितलं. गारप्पांनी मूठ टाकली, कापड पसरलं, डोळे मिटले. रत्नम्मानं सुकन्याचा हात हळूच बाजूला केला आणि पळी आत सोडली.

"ढवळ माय, काळोख ढवळ..."

रत्नम्मा ढवळत होती. तिचा दुसरा हात तांब्याच्या पोटावर होता. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ते हळूहळू उतरत गेलं. एकेक रेघ दिसायला लागली.

"काय वेदना! काय वेदना!" गारप्पा डोळे मिटून हेलकावे खात होते. "हा जीव किती जन्मांचा जळतोय! पतीनं उपेक्षा केली, आप्तांनी छळलं, तरी हा जीव बोलला न्हाई..."

रत्नम्मानं कापड ओढलं.

"स्वामी," ती म्हणाली. माईक जवळच होता, त्यामुळं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "ही आमची आमटीची पळी हाय. हिला कुणी छळलं?"

मागून कुणीतरी फसकन हसलं.

"पळीच्या नवऱ्याचं नाव विचारा!" एक गडी ओरडला.

गारप्पांनी डोळे उघडले, पळीकडं बघितलं आणि सावरले. माणूस तयारीचा होता. "माय, पळी रोज घरातल्या सगळ्यांना वाढते. सगळ्यांचं दुःख तिला लागलेलं असतं. तिचंही शुद्धीकरण झालं!"

आणि खोटं कशाला सांगू, दोन-चार बायांनी "शिव शिव" म्हणत हातही जोडले.

तेवढ्यात मल्लिनाथ जीपमधून उरलेलं खताचं पाकीट घेऊन वर आला. त्यानं रिकाम्या तांब्यात नळाचं पाणी घेतलं, पाकीट ओतलं आणि तीच पळी फिरवली. मंत्र नाही, कापड नाही. तांब्या पहिल्या रांगेत दिला. त्याला बाहेरून तसाच घाम फुटला होता.

"आरं, हे तर फवारणीचं!" एक म्हातारा शेतकरी उठून उभा राहिला. "दर बादलीला हात गारठतो माझा. आन् मी हिथं बायकोला घेऊन येऊन राहिलो!"

एकच गलका झाला. तेवढ्यात स्वामींच्या माणसांनी भस्माची थाळी उचलून नेली, त्यामुळं थाळीत काय होतं ते तेव्हा बघता आलं नाही. पण एवढं तिथंच सिद्ध झालं की पाणी गार व्हायला माणसाचं दुःख लागत नाही, पळी पुरते. दुसऱ्या दिवशी कार्यालय झाडताना भटारखान्यात राखेचं पोतं आणि त्याच खताची रिकामी पाकिटं निघाली. माणिकप्पांनी ती स्वतः चावडीवर आणून दाखवली. गारप्पा तोवर नायगावच्या दिशेनं गेले होते, असं कळलं.

मला अक्षर पन्नाशीनंतर आलं, रसायनशास्त्र अजून आलं नाही. मंजुषा मॅडमनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. काही क्षारांना पाण्यात विरघळायला ऊब लागते. ती ते पाण्याकडूनच ओढून घेतात, म्हणून पाणी गार पडतं. श्रावणातली हवा दमट असते, तिच्यातलं पाणी गार तांब्यावर बाहेरून जमतं. हाच तो घाम. जितकी मोठी मूठ तितका गार तांब्या. ज्याला लवकर बरं करून दाखवायचं त्याची मूठ लहान करत जायची, ज्याला धरून ठेवायचं त्याची मोठी.

पण हे सगळं नंतरचं. त्या गलक्यात मी सुकन्याकडं बघत होते. ती हसली नाही. दोन्ही तांब्यांकडं आळीपाळीनं बघत होती. मग तिनं सासूचा पदर धरला.

"अव्वा, म्हणजे माझ्यातून काही निघतच न्हवतं?"

"न्हाई गं माय."

"मंग माझ्यात खोट न्हवती?"

रत्नम्मानं नाही म्हणून मान हलवली, पुन्हा पुन्हा. सुकन्या रडायला लागली. बाळंतपणानंतर तिला रडताना आम्ही पहिल्यांदा बघत होतो. तसंच तिला धरून आम्ही जीपमध्ये बसवलं आणि लातूर गाठलं.

तिला काही दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. गोळी पुन्हा सुरू झाली. चमत्कार काही झाला नाही. चार दिवस बरे जायचे, पाचवा वाईट. एकदा तिनं बाळाला जवळ घ्यायला नकार दिला आणि रत्नम्मा व्हरांड्यात जाऊन रडली. मॅडमना तिनं भीतभीत विचारलं, "पूजा बंद करावी लागंल का?"

"का म्हणून?" मॅडम म्हणाल्या. "पूजेनं मन शांत होत असेल तर रोज करा. भजनाला जा, ध्यान करा, मला आनंदच आहे. फक्त कुणी म्हणालं की यासाठी गोळी सोडा, तर त्या माणसापासून उठून या."

लिंगाची गोष्ट रत्नम्माच्या मनातून गेली नव्हती. घरी आल्यावर एका सकाळी पूजेला बसल्या बसल्या तिनं सुनेला म्हटलं, "मी काढायला नको होतं गं."

सुकन्या बाळाला पाजत होती. तिनं बाळाच्या तोंडावरची नजर न काढता उत्तर दिलं, "तुमी पदरात बांधून मुठीत धरून बसला होता, अव्वा. दुसरी कुणी टेबलावर ठेवून चहा प्यायला गेली असती."

रत्नम्मानं तळहातावरचं लिंग कपाळाला लावलं आणि पुन्हा डबीत ठेवलं.

परवाची गोष्ट. मी आणि रत्नम्मा पिठाच्या गिरणीत रांगेत होतो. पाच-सहा बाया होत्या. एकीनं डोळे बारीक करून विचारलं, "सून लई दिवस दिसली न्हाई. काय झालंय तिला?"

आधी असं कुणी विचारलं की रत्नम्मा म्हणायची, "ताप हाय जरा." परवा तिनं डबा खाली ठेवला आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "डिप्रेशन हाय. मनाचा आजार. लातूरच्या डॉक्टरची गोळी चालू हाय. मला बीपीची हाय, तिला ह्याची."

आमचं दळण झालं, आम्ही बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत आलो असू, मागून कुणीतरी भराभरा चालत आलं. तीच बाई. इकडं तिकडं बघत तिनं हळूच विचारलं, "काकू, त्या मॅडम कुठल्या वारी बसतात? माझ्या लेकीला दाखवायचं हाय."

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात कुणी असं भिंतीकडं तोंड करून बसलं असेल. त्याला काय लागलंय, कुठल्या जन्माचं पाप आहे, हे शोधत फिरू नका. जवळ बसा आणि विचारा. ऐकायला भीती वाटली तरी विचारा. मग डॉक्टरकडं न्या. सरकारचा १४४१६ हा नंबर आहे, तो फुकट लागतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो. आणि कुणी हातोहात दुःख काढून दाखवू लागला, तर आधी एवढंच बघा की दुःखी माणूस तिथं नसतानाही तेच घडतं का.

त्या बाईला रत्नम्मानं वार सांगितला. शिवाय म्हणाली, "एकटी जाऊ नको. मी येते संगं."